श्वानजातींचा निर्णय: नोंदवहीपासून डीएनए-परीक्षेपर्यंत

१

‘हा कुत्रा कोणत्या जातीचा?’ हा प्रश्न मराठी भाषकास इतका स्वाभाविक वाटतो की, त्याच्या पोटी काही ऐतिहासिक गृहीत दडलेले असेल अशी शंकाही सहसा येत नाही. प्रत्येक कुत्रा कोणत्या तरी एका जातीचा असतो, तसा नसल्यास तो दोन वा अधिक जातींचा संकर असतो, आणि हा संकर कशाकशाचा आहे हे जाणत्यास पाहून सांगता येते, अशी ही तीन गृहीते होत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीएनएच्या परीक्षणाने श्वानाचा वंश ठरविण्याची जी पद्धती रूढ झाली, तिने तिसरे गृहीत बहुतांशी खोटे ठरविले. पहिल्या दोहोंना मात्र तिने काही काळ बळकटीच आणली आणि पुढे तीही डळमळीत केली. हा सारा प्रवास केवळ प्राणिशास्त्राचा नाही. नाव व वस्तू ह्यांच्या संबंधाचा, पुराव्याच्या स्वरूपाचा आणि कित्येक प्रसंगी मुक्या जनावराच्या जीविताचाही प्रश्न त्यात गुंतलेला आहे. म्हणून ह्या पद्धतीचा इतिहास तिच्या पूर्वपीठिकेसह तपासणे उपयुक्त ठरेल.

आरंभी शब्दांचा विचार आवश्यक आहे. मराठीतील ‘जात’ हा शब्द संस्कृत ‘जन्’ ह्या धातूपासून आलेल्या ‘जाति’ शब्दाचे रूप आहे. इंग्रजीतील ‘ब्रीड’ हा शब्दही प्रजननाचाच वाचक आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी जन्माची कल्पना आहे. परंतु व्यवहारात जन्म क्वचितच कोणी पाहिलेला असतो. पाहिलेला असतो तो आकार. कान उभे की पडलेले, केस आखूड की लांब, मुस्कट रुंद की निमुळते, एवढ्यावरून जन्माचे अनुमान केले जाते. शब्द जन्माचा आणि पुरावा आकाराचा, ही विसंगती श्वानजातींच्या साऱ्या इतिहासात आढळते. डीएनए-परीक्षेचे महत्त्व हे की, तिने जन्माचा पुरावा आकाराच्या पुराव्यापासून प्रथमच वेगळा काढला.

२

युरोपातील श्वानवर्गीकरणाचे जुने प्रयत्न पाहिले असता त्यांत वंशशुद्धीची कल्पना जवळजवळ नाही असे दिसते. इंग्रज वैद्य जॉन कीझ, ज्याचे लॅटिन नाव कायस असे रूढ आहे, त्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांविषयी लॅटिनमध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. १५७६ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. कायसने कुत्र्यांची विभागणी केली ती मुख्यतः त्यांच्या कामावरून: शिकारीचे, उमराव स्त्रियांच्या मांडीवरचे, मेंढपाळाचे व घरराखणीचे, आणि शेवटी कोणत्याच कामात न बसणारे हलके कुत्रे. ह्या व्यवस्थेत ‘हाउंड’ किंवा ‘स्पॅनियल’ ही नावे बरीचशी ‘सुतार’, ‘लोहार’ ह्या नावांसारखी आहेत. ती व्यवसाय सांगतात.

वंशाचा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला तो फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ ह्याने. आपल्या ‘इस्त्वार नात्युरेल’ ह्या बृहद्ग्रंथाच्या १७५५ साली निघालेल्या पाचव्या खंडात त्याने कुत्र्यांच्या जातींचा एक तक्ता दिला. मेंढपाळाचा कुत्रा हा त्याने मूळ मानला आणि हवामानाच्या भेदामुळे त्याच्यापासून इतर जाती कशा फुटल्या हे रेषांनी दाखविले. ज्या जाती संकराने झाल्या असे त्याला वाटले त्यांच्याकरिता तुटक रेषा योजिल्या. भाषांच्या अभ्यासकास हा तक्ता परिचित वाटेल. श्लायखरचा भाषाकुलवृक्ष ह्याहून सुमारे शंभर वर्षांनी अवतरला. त्यात शाखा केवळ फुटतात, परस्परांत मिसळत नाहीत. ब्युफाँच्या तक्त्यात मात्र फुटणे व मिसळणे ह्या दोन्ही क्रियांस प्रथमपासून जागा होती.

ह्याच विवेचनात ब्युफाँने रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी एक मत मांडले. हे कुत्रे सर्वसाधारणपणे सगळ्या कुत्र्यांसारखे असतात पण विशेषेकरून कोणासारखेच नसतात, कारण आधीच अनेकदा मिसळलेल्या जातींच्या मिश्रणातून ते निपजतात, असे त्याचे म्हणणे होते. पॅरिसच्या रस्त्यांपुरते हे कदाचित खरेही असेल. परंतु रस्त्यावरचा कुत्रा म्हणजे मिश्रणाचा गाळ, ही कल्पना पुढे साऱ्या जगातील रस्त्यांना लावली गेली. तिचे काय झाले हे पुढे पाहावयाचे आहे.

३

आज ज्यास श्वानजात म्हणतात ती वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यत्वे इंग्लंडमध्ये, आकारास आली. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे पॉइंटर व सेटर ह्या शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वानप्रदर्शनांचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात. प्रदर्शनात निवाडा आला, निवाड्याकरिता प्रमाण-लक्षणे आली, आणि फसवणूक टाळण्याकरिता नोंद आली. १८७३ साली ‘केनेल क्लब’ स्थापन झाला व १८७४ मध्ये त्याची पहिली वंशावळी-नोंदवही प्रसिद्ध झाली. तीत चार हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद होती. अमेरिकेत अशीच संस्था १८८४ साली निघाली.

नोंदवहीने दोन गोष्टी केल्या. पहिली ही की, जातीची व्याख्या बदलली. पूर्वी जो कुत्रा पाणपक्षी आणून देई तो ‘रिट्रीव्हर’. आता ज्याचे आईबाप नोंदवहीत रिट्रीव्हर म्हणून लिहिलेले आहेत तो रिट्रीव्हर, मग त्याने जन्मात पाणी पाहिलेले नसो. दुसरी गोष्ट अशी की, नोंदवही बहुधा बंद केली जाई. म्हणजे ठराविक काळानंतर बाहेरच्या कुत्र्यास तीत प्रवेश नसे. परिणामी प्रत्येक जात हा मोजक्या पूर्वजांपासून निपजलेला, आपसांतच संबंध करणारा एक कोंडलेला समाज झाला. त्यातही प्रदर्शनात पारितोषिक मिळविलेल्या एखाद्या नराची प्रजा अतोनात वाढविली जाई. रोगांच्या दृष्टीने ही व्यवस्था घातक ठरली आणि कित्येक जातींत विशिष्ट आनुवंशिक विकार साचून राहिले. परंतु पुढील काळातील संशोधकांस हाच दोष उपकारक झाला. प्रत्येक कोंडलेल्या समाजात आनुवंशिक चिन्हांची एक वेगळी वाटणी तयार झाली, आणि तीवरून व्यक्तीचा समाज ओळखणे शक्य झाले. म्हणजे, डीएनए-परीक्षा जे वाचते ते बव्हंशी ह्या दीडशे वर्षांच्या नोंदवह्यांनीच लिहिलेले आहे.

४

ज्यांची नोंद नव्हती अशा कुत्र्यांच्या बाबतीत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डोळ्याच्या साक्षीवाचून दुसरे साधन नव्हते. ह्या साक्षीचे दौर्बल्य दाखविणारा पुरावा फार आधीच उपलब्ध झाला होता. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघांनी दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली ‘जेनेटिक्स अँड द सोशल बिहेव्हिअर ऑफ द डॉग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुख्य विषय स्वभावाच्या आनुवंशिकतेचा होता. त्याकरिता त्यांनी आफ्रिकेतील बसेंजी व इंग्लंडमधील वंशाचा कॉकर स्पॅनियल ह्या दोन अगदी भिन्न जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला आणि पुढे त्या संकरजांपासून दुसरी पिढी काढली. ग्रंथातील छायाचित्रे पाहिली असता असे दिसते की, पहिल्या पिढीतील पिल्ले आईबापांच्या मध्यावर उभी नाहीत, आणि दुसऱ्या पिढीतील भावंडे परस्परांपासून इतकी भिन्न आहेत की, त्यांपैकी कित्येकांच्या आजोबा-आजींची जात कोणाही जाणत्यास ओळखता येऊ नये.

ह्याचे कारण पुढे रेणवीय संशोधनाने स्पष्ट केले. कुत्र्याचे बाह्य रूप ठरविणारी जनुके संख्येने थोडी आहेत व त्यांचा परिणाम मोठा आहे. २००७ साली असे दाखविण्यात आले की, लहान चणीच्या जातींच्या आकारमानामागे आयजीएफ-१ ह्या एकाच जनुकाचे विशिष्ट रूप मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. २००९ साली केसांची लांबी, कुरळेपणा व मुस्कटावरील झुपके ह्यांतील बहुतेक वैविध्य तीन जनुकांच्या भेदांनी उलगडते असे सिद्ध झाले. त्याच वर्षी आखूड पायांच्या अनेक जातींमागे एका जनुकाची एकच जादा प्रत असल्याचे आढळले. जनुकांची संख्या काही हजारांत मोजली जाते. त्यांपैकी मूठभर जनुके रूप घडवितात, आणि बाकीच्यांचा वारसा डोळ्यास दिसत नाही. संकरात ही मूठभर जनुके एकदा नव्याने पिसली गेली की, रूपावरून वंशाकडे परत जाण्याची वाट बंद होते.

५

वंशाचा पुरावा थेट डीएनएमधून मिळविण्याच्या साधनांची मालिका १९८० नंतर वेगाने तयार झाली. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज ह्यांनी व्यक्तिनिदर्शक डीएनए-ठशांचा शोध लावला. त्याच सुमारास कॅरी म्युलिस ह्यांनी शोधलेल्या पीसीआर प्रक्रियेमुळे डीएनएच्या अल्प अंशाच्या असंख्य प्रती काढणे सुलभ झाले. ह्यातून ‘मायक्रोसॅटेलाइट’ ही चिन्हके संशोधकांच्या हाती आली. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एखादा तुकडा पुनःपुन्हा येतो. हा तुकडा किती वेळा आला आहे ते व्यक्तिपरत्वे बदलते आणि आईबापांकडून संततीत उतरते. नोंदणीसंस्थांनी ह्याचा पहिला उपयोग पितृत्व तपासण्यासाठी केला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी: पितृत्वपरीक्षा ‘हे पिल्लू ह्या दोघांचे आहे काय?’ एवढेच विचारते. जातीविषयी ती काहीच बोलत नाही.

जातीचा प्रश्न डीएनएला विचारता येईल असे आरंभी वाटत नव्हते. १९९७ साली रॉबर्ट वेन ह्यांच्या गटाने ६७ जातींतील १४० कुत्रे व १६२ लांडगे ह्यांच्या मातृपरंपरेने उतरणाऱ्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा हा लांडग्यापासून निपजला हे त्यातून दृढ झाले. परंतु जातीजातींमधील सीमा त्यात दिसेनात, कारण एकच मातृवंश अनेक जातींत आढळे आणि एकाच जातीत अनेक मातृवंश आढळत. जाती वयाने लहान आहेत व मातृवंश प्राचीन आहेत, हे ह्याचे कारण होय. अर्वाचीन भेद पाहण्याकरिता जलद बदलणारी पुष्कळ चिन्हके एकाच वेळी पाहणे आणि त्यांचा संख्याशास्त्रीय अर्थ लावणे आवश्यक होते. २००० साली प्रिचर्ड, स्टीफन्स व डॉनेली ह्यांनी ‘स्ट्रक्चर’ ही गणनपद्धती मांडली. कोणत्याही पूर्वकल्पित नावांवाचून व्यक्तींचे गट पाडणे व एखाद्या व्यक्तीत निरनिराळ्या गटांचा किती किती वाटा आहे ह्याचा अंदाज देणे तिने शक्य केले. प्रयोगशाळेतील रसायनांइतकाच ह्या गणिताचा श्वानवंशपरीक्षेच्या उदयात वाटा आहे.

२००३ साली फिनलंडमध्ये कोस्किनेन ह्यांनी पाच जातींपुरते हे करून दाखविले. निर्णायक लेख आला तो मे २००४ मध्ये, ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातील हायडी पार्कर, एलेन ऑस्ट्रँडर, लिओनिड क्रुगल्याक व त्यांचे सहकारी ह्यांनी ८५ जातींतील ४१४ कुत्र्यांची ९६ मायक्रोसॅटेलाइट चिन्हके तपासली. त्यांपैकी ९९ टक्के कुत्र्यांची जात केवळ डीएनएवरून बिनचूक ओळखता आली. श्वानांतील एकंदर आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे २७ टक्के वैविध्य जातीजातींमधील आहे, असेही त्यांनी दाखविले. मानवी समूहांच्या बाबतीत हेच प्रमाण ५ ते १० टक्के मानले जाते. ह्या तुलनेतून श्वानजातींच्या उपमेने मानवी समूहांचा विचार करणे किती असमर्थनीय आहे हे आपोआप स्पष्ट होते. मनुष्याने कुत्र्यावर लादलेली कोंडी मानवी इतिहासात त्या प्रमाणात कधी घडलेलीच नाही.

त्याच लेखाने नावांच्या साक्षीलाही धक्का दिला. बसेंजी, अकिता, चाऊ चाऊ, सलुकी, अफगाण हाउंड इत्यादी जाती लांडग्यास तुलनेने जवळच्या अशा एका जुन्या गटात पडल्या. परंतु ‘फेरो हाउंड’, म्हणजे ज्याचे नावच प्राचीन इजिप्तच्या राजांवरून आहे आणि ज्याचे रूप थडग्यांतील भित्तिचित्रांशी जुळते असे सांगतात, तो ह्या गटात बसला नाही. तो अलीकडच्या काळात इतर जातींतून पुन्हा घडविलेला असावा असे अनुमान निघाले. आकार प्राचीन असू शकतो, नाव प्राचीन असू शकते, आणि वंश मात्र नवा असू शकतो. स्थलनामांच्या व कुलनामांच्या अभ्यासकांस हा अनुभव अपरिचित नाही.

डिसेंबर २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीच्या संपूर्ण जीनोमचा वाचलेला क्रम प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे २४० कोटी अक्षरे आहे. त्याबरोबरच एकेका अक्षराच्या भेदाची सुमारे २५ लक्ष स्थळे नोंदली गेली, आणि मायक्रोसॅटेलाइटांच्या जागी ही अधिक दाट व स्वस्तात वाचता येणारी चिन्हके आली.

६

२००७ साली अमेरिकेत संकरज कुत्र्यांच्या वंशाच्या चाचण्या बाजारात आल्या. आरंभी एका प्रमुख चाचणीस पशुवैद्याकडून काढलेले रक्त लागे; पुढे गालाच्या आतून फिरविलेला बोळा पुरेसा झाला आणि मालकास घरबसल्या नमुना पाठविता येऊ लागला. २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी स्थापन केलेल्या ‘एम्बार्क’ ह्या संस्थेने दोन लक्षांहून अधिक चिन्हके वाचणारी चाचणी आणली.

ह्या चाचण्यांची तर्कपद्धती समजून घेतल्यावाचून त्यांच्या निष्कर्षांचे मोल ठरत नाही. प्रथम ज्यांची वंशावळ नोंदलेली आहे अशा कुत्र्यांचे डीएनए गोळा करून प्रत्येक जातीचा एक तुलनासंच तयार केला जातो. नंतर परीक्ष्य कुत्र्याच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्यांवरील लहान-मोठे खंड घेऊन, प्रत्येक खंड कोणत्या संचातील खंडांशी अधिकात अधिक जुळतो हे संख्याशास्त्रीय रीतीने पाहिले जाते, आणि खंडांची बेरीज करून शेकडेवारी सांगितली जाते. प्रत्येक पिढीत आईकडून निम्मा व बापाकडून निम्मा वारसा येतो. परंतु आजोबांचा वाटा बरोबर चतुर्थांश असतोच असे नाही, कारण खंडांची वाटणी यदृच्छेने होते. त्यामुळे एकाच वेताच्या दोन पिल्लांची शेकडेवारी भिन्न निघू शकते व दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. पणजोबाचा सरासरी वाटा साडेबारा टक्के. त्याच्या मागे जावे तसे खंड तुटून लहान होतात आणि निर्णयाची निश्चिती कमी होते.

ह्याहून मूलगामी मर्यादा तुलनासंचाची आहे. जी जात संचात नाही ती उत्तरात येऊ शकत नाही. तिच्या जागी तिची जवळची नातलग जात, अथवा दूरच्या अनेक जातींचे तुकडे, येतात. अनोळखी भाषेतील शब्द परिचित भाषांच्या कोशांतच शोधावयाचे ठरविले, तर ज्याप्रमाणे प्रत्येक शब्दास कोठे ना कोठे साम्य सापडते आणि ती भाषा संमिश्र असल्याचा आभास होतो, तसाच हा प्रकार आहे. ‘संकर’ हा निष्कर्ष अशा वेळी कुत्र्याविषयी नसून संचाच्या अपुरेपणाविषयी असतो.

७

मर्यादा मान्य करूनही ह्या चाचण्यांनी डोळ्याच्या साक्षीची जी परीक्षा घेतली तिचे महत्त्व कमी होत नाही. २००९ साली व्हिक्टोरिया व्हॉइथ व सहकाऱ्यांनी, दत्तक देणाऱ्या संस्थांनी सांगितलेल्या जाती व डीएनएने सांगितलेल्या जाती ह्यांची २० कुत्र्यांच्या बाबतीत तुलना केली. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत ही दोन उत्तरे परस्परांशी जुळली नाहीत. २०१३ साली त्यांनीच असे प्रसिद्ध केले की, कुत्र्यांशी संबंधित व्यवसायांतील नऊशेहून अधिक व्यक्तींना २० कुत्रे दाखविले असता केवळ ७ कुत्र्यांच्या मुख्य जातीविषयी निम्म्याहून अधिकांचे एकमत झाले; आणि त्या सातांपैकी तिघांच्या बाबतीत हे एकमतही डीएनएशी जुळले नाही. तज्ज्ञांचे एकमत हा सत्याचा पुरावा नव्हे, ह्याचे हे स्वच्छ उदाहरण होय.

२०१५ सालच्या फ्लोरिडातील अभ्यासात चार आश्रयस्थानांतील १२० कुत्रे होते. कर्मचाऱ्यांनी त्यांपैकी ६२ कुत्र्यांना ‘पिट बुल’ वर्गात घातले. डीएनएने त्या वर्गातील वंश दाखविला तो २५ कुत्र्यांत. २०१८ साली ॲरिझोना व कॅलिफोर्नियातील दोन आश्रयस्थानांतील नऊशेहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२५ जातींच्या खुणा आढळल्या, परंतु शुद्ध जातीचे कुत्रे ५ टक्क्यांहूनही कमी होते. एखादी तरी जात बरोबर सांगण्यात कर्मचारी सुमारे दोन-तृतीयांश वेळा यशस्वी झाले. एकाहून अधिक जाती बरोबर सांगण्याचे प्रमाण मात्र १० टक्क्यांच्या आसपास राहिले.

८

ही चूक निरुपद्रवी असती तर तिचा उल्लेख पुरेसा झाला असता. परंतु अनेक देशांत जातीच्या नावावरून कुत्र्यांवर बंदी घालणारे कायदे आहेत, आणि चुकीच्या नावाची किंमत कुत्र्यास प्राणाने द्यावी लागते. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘डेंजरस डॉग्ज ॲक्ट’ संमत झाला. ह्या कायद्याचा शब्द लक्षणीय आहे: तो ‘ब्रीड’ म्हणत नाही, ‘टाइप’ म्हणतो. पिट बुल टेरियर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘टाइप’चा कुत्रा निषिद्ध; आणि कुत्रा तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. १९९३ साली डन ह्या खटल्यात उच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, ‘टाइप’ हा शब्द ‘ब्रीड’हून व्यापक आहे, कुत्र्यात त्या जातीची बहुसंख्य शारीरिक लक्षणे असली म्हणजे पुरे.

शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा निर्णय विचारणीय आहे. ‘ब्रीड’ जन्म सांगतो; ‘टाइप’ हा ग्रीक मूळचा शब्द ठसा, म्हणजे आकार, सांगतो. कायद्याने जन्माचा प्रश्न टाळून आकाराचा पत्करला, आणि त्यायोगे डीएनएचा पुरावा येण्यापूर्वीच तो अप्रस्तुत करून ठेवला. आईबाप निषिद्ध वर्गातील नसले तरी मापात बसणारे पिल्लू निषिद्ध होऊ शकते. आणि एकाच वेतातील दोन भावंडांपैकी एक कायदेशीर व दुसरे बेकायदेशीर असू शकते. कायद्याच्या समर्थकांस असे म्हणता येईल की, धोका आकाराचा आहे, वंशाचा नव्हे. मोठा जबडा कोणाकडूनही आलेला असो, तो जबडाच आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु मग जातीचे नाव कायद्यात असण्याचे प्रयोजन उरत नाही.

स्वभावाच्या दृष्टीनेही हे नाव फारसे उपयोगी नाही असे अलीकडे दिसून आले. एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांच्या प्रश्नावल्या व २,१५५ कुत्र्यांचे डीएनए ह्यांचा विचार करण्यात आला. व्यक्तिगत कुत्र्यांच्या वर्तनातील भेदांपैकी केवळ ९ टक्के भेद जातीने उलगडतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे स्वभावाचा वारसा असतो, पण त्या वारशाचा दाखला म्हणून जातीचे नाव अपुरे आहे.

भारतात हा प्रश्न मार्च २०२४ मध्ये उपस्थित झाला. केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या व त्यांच्या संकरजांच्या आयात, पैदास व विक्रीस प्रतिबंध करण्याविषयी राज्यांना परिपत्रक पाठविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. न्यायालयाचा आक्षेप मुख्यतः संबंधितांचे म्हणणे न ऐकल्याचा होता. परंतु ‘संकरज’ ह्या शब्दाने उभी राहणारी अडचण त्याहून मूलभूत आहे: ज्या देशातील बहुसंख्य कुत्र्यांची कोठेच नोंद नाही, तेथे अमुक कुत्रा अमुक जातीचा संकरज आहे वा नाही, हे कोणी व कशावरून ठरवावयाचे?

९

ह्या प्रश्नाने विवेचन ब्युफाँच्या रस्त्यावरील कुत्र्याकडे परत येते. भारतातील अशा कुत्र्यास इंग्रजांनी ‘पारिया डॉग’ म्हटले. हा शब्द तमिळ ‘परैयर’ ह्या जातिनामावरून आला आहे. त्याच्या मुळाशी ‘परै’, म्हणजे एक प्रकारचे ढोलवाद्य, हा शब्द आहे. वाद्य वाजविणाऱ्या समाजाचे नाव अस्पृश्यतेच्या द्वारे इंग्रजीत बहिष्कृताचे सामान्यनाम झाले आणि तेथून ते कुत्र्यास चिकटले. मनुष्यसमाजावरील अन्याय प्राण्याच्या वर्गीकरणात अशा रीतीने कोरला गेला. इंग्रजीतील दुसरा शब्द ‘मोंग्रेल’ हा मिश्रणवाचक आहे. मराठीतील ‘गावठी’ हा शब्द ह्या दोहोंहून निराळा आहे. तो कुत्र्याचे स्थान सांगतो, मिश्रण सांगत नाही. ‘भटका’ व ‘बेवारशी’ हे शब्दही वंशाविषयी मौन पाळतात. तथापि शहरी मराठीत हल्ली गावठी कुत्र्यास सर्रास ‘मिक्स’ म्हटले जाते, आणि परभाषेतील शब्दाबरोबर परकीय गृहीतही आत येते.

हे गृहीत तपासले गेले ते २००९ मध्ये. ॲडम बॉयको व सहकाऱ्यांनी इजिप्त, युगांडा व नामिबिया येथील ३१८ गावकुत्र्यांचा अभ्यास केला. पोर्तो रिको व अमेरिकेतील अनोळखी कुत्रे हे खरोखरच युरोपीय जातींचे मिश्रण निघाले. आफ्रिकेतील बहुतेक गावकुत्रे मात्र स्वतंत्र देशी समाज असल्याचे आढळले. २०१५ सालच्या विस्तृत अभ्यासात ३८ देशांतील ५४९ गावकुत्रे व १६१ जातींतील ४,६७६ शुद्धवंशी कुत्रे ह्यांची तुलना झाली. दक्षिण पॅसिफिक व मध्य-दक्षिण अमेरिका येथील गावकुत्रे जवळजवळ संपूर्ण युरोपीय वंशाचे ठरले. परंतु व्हिएतनाम, इजिप्त व भारत येथील गावकुत्र्यांत युरोपीय मिश्रण अत्यल्प आढळले.

ह्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. भारतातील गावठी कुत्रा हा जातींच्या मिश्रणातून निपजलेला नाही. नोंदवह्यांनी जाती कोंडण्यापूर्वीपासून चालत आलेल्या मोकळ्या श्वानसमाजाचा तो वारस आहे. त्याचे वैविध्य कोंडलेल्या जातींपेक्षा अधिक आहे, ते संकरामुळे नव्हे, तर त्याची कोंडी कधी झालीच नाही म्हणून. प्रारंभीच्या चाचण्यांच्या तुलनासंचांत असे कुत्रे नसत आणि म्हणून त्यांना चाऊ चाऊ, शार-पे अशा दूरच्या जातींचे अंश जोडले जाण्याचा संभव असे. पुढे काही चाचण्यांनी गावकुत्र्यांचे स्वतंत्र प्रादेशिक वर्ग संचात घातले आणि उत्तर बदलले. कुत्रा तोच, डीएनए तोच. बदलला तो तुलनेचा आधार.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील कारवान, पश्मी व मुधोळ हाउंड ह्या शिकारी कुत्र्यांची स्थिती ह्या दोहोंच्या मधली आहे. त्यांचे संवर्धन पिढ्यान्पिढ्या पाळणाऱ्यांनी कामावरून व स्मरणावरून केले. लिखित नोंदवही फार उशिरा आली. मुधोळ हाउंडचे चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर आले. अशा समाजांत आखूड केसांचा तो ‘कारवान’ व झुपकेदार केसांचा तो ‘पश्मी’ हा भेद वंशाचा आहे की केवळ केसांच्या एखाद्या जनुकाचा, हे डीएनएच्या अभ्यासाने ठरविण्याजोगे आहे. तो अभ्यास करावयाचा तर पाळणाऱ्यांची मौखिक परंपरा व त्यांची परिभाषा आधी टिपून घ्यावी लागेल. कारण तुलनासंचात कोणता कुत्रा कोणत्या नावाखाली घालावयाचा हे डीएनए सांगत नाही, ते माणसेच सांगतात.

१०

येथवरच्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली: आकारावरून वंश ओळखण्याची रूढी, जाणत्यांच्या हातीही, विश्वसनीय नाही, आणि जेथे तीवर शिक्षा अवलंबून आहे तेथे ती अन्यायकारक आहे. दुसरी: डीएनए-परीक्षा वंश सांगते तो नोंदवहीतील नावांच्या संबंधातच सांगते. अमुक टक्के लॅब्रॅडॉर, ह्याचा अर्थ एवढाच की, ह्या कुत्र्याच्या डीएनएचा तेवढा भाग आज लॅब्रॅडॉर म्हणून नोंदलेल्या कुत्र्यांच्या डीएनएशी इतरांपेक्षा अधिक जुळतो. तिसरी: ज्या कुत्र्यांचे पूर्वज कोणत्याच नोंदवहीत कधी नव्हते, त्यांच्याविषयी ‘हा कशाकशाचा संकर आहे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि चुकीच्या प्रश्नास अचूक यंत्राने दिलेले उत्तरही चुकीचेच राहते.

नोंदवहीने जात निर्माण केली, जातीने चाचणी शक्य केली, आणि चाचणीने अखेर नोंदवहीच्या बाहेरचा विशाल श्वानसमाज दृष्टीस आणला. जगातील बहुसंख्य कुत्रे ह्या समाजातीलच आहेत. त्यांच्याकरिता मराठीत ‘गावठी’ हा शब्द आधीपासूनच आहे. त्यातील तुच्छतेचा अर्थ नंतर येऊन चिकटलेला आहे; तो बाजूस सारला, तर शास्त्राने फार उशिरा मान्य केलेली वस्तुस्थिती हा शब्द पुरेशा नेमकेपणाने सांगतो.